शोधणाऱ्यास सापडेल असे संकेतस्थळ

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी ‘प्राडा’ या नामांकित फॅशन कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यात काही तरुणांच्या पायांत दिसलेल्या चामडी चपला थेट कोल्हापुरी वळणाच्या होत्या. आरंभी त्यांचा उल्लेख केवळ चामडी सँडल असा झाला. कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. भारतातून टीकेची झोड उठल्यावर या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे कंपनीने मान्य केले. वृत्तपत्रांचे रकाने भरले, दूरचित्रवाणीवर चर्चा रंगल्या. त्या दिवसांत इंदूर, बंगळूर किंवा थेट लंडनमध्ये बसलेल्या ज्या कोणास ‘अस्सल कोल्हापुरी चप्पल कोठे मिळेल?’ असा प्रश्न पडला असेल, त्याने तो शेजाऱ्यास विचारला नसणार. हातातील भ्रमणध्वनीवर चार शब्द टंकून त्याने तो शोधयंत्रास विचारला असणार. उत्तरादाखल त्याच्यासमोर पिढ्यान्‌पिढ्या चपला करणाऱ्या कारागिराचे नाव आले, की दूरच्या एखाद्या घाऊक विक्रेत्याचे, यावर त्या कारागिराची विक्री अवलंबून होती.

कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. नावास कायद्याचे संरक्षण लाभले ही मोठीच गोष्ट. परंतु मानांकनाने कारागीर शोधयंत्रात आपोआप वर येत नाही. ते काम त्याच्या संकेतस्थळाने करावयाचे असते, आणि बहुतेक लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे नेमकी तेथेच कमी पडतात.

उदाहरणादाखल अशाच एका कार्यशाळेची कल्पना करू. मालकाने काही वर्षांपूर्वी हौसेने पैसे खर्चून संकेतस्थळ करून घेतले आहे. उघडताच एक भव्य छायाचित्र सरकत येते, त्यामागून दुसरे, मग तिसरे. कार्यशाळेचा इतिहास, चपलांचे प्रकार, पत्ता, सारे काही छपाईसाठी केलेल्या देखण्या माहितीपत्रकातून उचलून चित्ररूपाने लावलेले आहे. पाहणारा खूश होतो. मात्र ज्यास पत्ता आधीच ठाऊक आहे तोच तेथे पोहोचतो. ‘कोल्हापुरी चप्पल’ असे शब्द घालून शोधणाऱ्यास हे स्थळ दहाव्या पानावरही दिसत नाही. संकेतस्थळ तयार करणाऱ्याने फसविले, असा मालकाचा ग्रह होतो. वस्तुतः त्याने सांगितलेले काम केलेले असते. शोधयंत्रास वाचता येईल असे काही लिहावे, हे सांगण्याचे मात्र कोणासच सुचलेले नसते.

यंत्रास काय दिसते?

शोधयंत्रास प्रश्न विचारला की ते त्या क्षणी साऱ्या जगातील पाने धुंडाळते, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. प्रत्यक्षात ते आपली सूची पाहते. त्याचे स्वयंचलित प्रोग्राम एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्यावर असे अहोरात्र फिरत असतात, आणि आढळलेला मजकूर जाडजूड ग्रंथाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीप्रमाणे नोंदवून ठेवतात. ज्या पानाकडे एकही दुवा जात नाही ते या फेरीत सहसा राहून जाते. म्हणून संकेतस्थळावरील सर्व पानांची यादी असलेली एक फाइल शोधयंत्रास देण्याची सोय आहे. २००६ पासून गुगल, याहू व मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी तिचा एकच नमुना मान्य केला आहे.

या फिरत्या प्रोग्रामांपुढे पान उघडते ते मुख्यत्वे अक्षरांच्या रूपाने. लाल गोंड्याच्या चपलेचे कितीही सुरेख छायाचित्र असो, त्याखाली शब्द नसतील तर सूचीत नोंदविण्यासारखे फारच थोडे हाती लागते. अलीकडे यंत्रे चित्रातील वस्तू व अक्षरे बऱ्यापैकी ओळखू लागली आहेत. पण आपला व्यवसाय त्यांच्या अंदाजावर सोडणे म्हणजे धनादेशावरील रक्कम अस्पष्ट लिहून रोखपालाने ती जुळवून घ्यावी, अशी अपेक्षा करण्यासारखे आहे. प्रत्येक चित्रास मजकुरातील पर्यायी वर्णन जोडता येते. ‘चित्र १’ असे वर्णन निरुपयोगी. ‘वेणीचा पट्टा व लाल गोंडा असलेली पुरुषांची कापशी चप्पल’ हे वर्णन उपयोगी. अंध व्यक्ती पडदावाचक प्रणालीद्वारे पान ऐकतात तेव्हा हेच वाक्य त्यांच्या कानी पडते. ही सोय अनेकांस ठाऊक नसते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पानाचे शीर्षक. शोधयंत्राच्या यादीत ठळक दिसणारी ओळ बहुधा तेथूनच घेतली जाते. शेकडो संकेतस्थळांच्या पहिल्या पानाचे शीर्षक आजही ‘मुख्यपृष्ठ’ किंवा ‘सुस्वागतम्’ असते. दुकानाच्या पाटीवर दुकानाचे नाव न लिहिता नुसते ‘दुकान’ असे लिहावे, तसलाच हा प्रकार!

मराठी अक्षरांची अडचण

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत आणखी एक अडथळा आहे, आणि तो डोळ्यांस दिसत नसल्याने फार फसवा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यापूर्वीच, १९९१ साली, जगातील लिप्यांसाठी आखलेल्या युनिकोड या समान संकेतप्रणालीत देवनागरीला स्थान मिळालेले होते; परंतु घराघरांतील संगणकांवर ती प्रणाली प्रत्यक्ष वापरात येण्यास ‘विंडोज २०००’ची आवृत्ती यावी लागली. मधल्या काळात मराठीची गरज भागविली ती छपाईसाठी बनविलेल्या फाँटनी. त्यांची युक्ती अशी, की संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरे व चिन्हेच राहत. केवळ त्यांचे पडद्यावरील रूप देवनागरी दिसे. माणूस ‘चप्पल’ वाचे आणि संगणकाच्या लेखी तो चार-पाच असंबद्ध चिन्हांचा पुंजका असे. तो फाँट स्वतःच्या संगणकावर नसलेल्या वाचकासही तो पुंजकाच दिसे. त्या काळी मराठी वृत्तपत्र वाचण्यापूर्वी त्याचा फाँट उतरवून घ्यावा लागे, हे अनेक वाचकांस आठवत असेल.

आज नवे संकेतस्थळ युनिकोडमध्येच होते. तरी जुना वारसा पुरता सरलेला नाही. छापखान्यात माहितीपत्रक अजूनही पुष्कळदा जुन्या फाँटमध्ये जुळविले जाते. तेथील मजकूर संकेतस्थळासाठी उचलला की चिन्हांचा कचरा उमटतो. मग वेळ वाचविण्यासाठी पानाचे चित्रच चिकटविले जाते, आणि आपल्या कार्यशाळेच्या मालकासारखी गत होते. उपाय साधा आहे. जुना मजकूर रूपांतरक प्रणालीने युनिकोडमध्ये आणावा व एकदा डोळ्यांखालून घालावा, कारण जोडाक्षरांत चुका राहतात. मजकूर खरोखर अक्षररूप आहे की नाही हे पाहावयाचे असल्यास पानावरील एखादा शब्द निवडून दुसरीकडे उतरवून पाहावा. तो मराठीत उतरला तर ठीक.

युनिकोडमध्येही बारकावे आहेतच. ‘बनविणाऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते. दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य चिन्ह घातले जाते. दिसावयास दोन्ही सारखे, पण संगणकाच्या दृष्टीने वेगळे. ‘ॲप’मधील ‘ॲ’चेही तसेच: त्यास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले २००८ साली, तोवर ‘अ’वर चंद्र देऊन काम भागविले जाई. मोठी शोधयंत्रे असे भेद बरेचसे सांभाळून घेतात. संकेतस्थळाच्या आतील स्वतःची शोधसुविधा मात्र बहुधा घेत नाही, आणि समोर माल असूनही ग्राहकास ‘काही आढळले नाही’ असे उत्तर मिळते. एका संकेतस्थळावर सर्वत्र एकच पद्धत ठेवणे हाच यावर व्यवहार्य मार्ग.

गिऱ्हाइकाचे शब्द

अक्षरे शुद्ध झाली तरी कोणते शब्द लिहावयाचे हा प्रश्न उरतोच, आणि तोच सर्वांत कसोटीचा आहे. कारागीर आपल्या मालास कापशी, कुरुंदवाडी, पायताण अशा नावांनी ओळखतो. अहमदाबादच्या गिऱ्हाइकास ही नावे माहीत नसतात. तो ‘लाल गोंड्याची चप्पल’, ‘करकर वाजणारी कोल्हापुरी’, ‘लग्नासाठी चामड्याची चप्पल’ असे काहीबाही लिहून पाहतो. दोघे एकाच वस्तूविषयी बोलत असतात. परंतु दोघांचे शब्द एका पानावर आलेले नसल्यामुळे त्यांची गाठ पडत नाही. दुकानात असे होत नाही, कारण तेथे दुकानदार गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकून मनातल्या मनात भाषांतर करीत असतो. संकेतस्थळावर तेच भाषांतर आधी लिहून ठेवावे लागते.

मराठीची विभक्तिरूपेही येथे विचारात घ्यावी लागतात. ‘चप्पल’ लिहिणारा एक, ‘चपला’ लिहिणारा दुसरा. ‘कोल्हापूर’मधील दीर्घ ऊकार ‘कोल्हापुरी’ व ‘कोल्हापुरात’ मध्ये ऱ्हस्व होतो. ‘कारागीर’ हा ‘कारागिराने’ होतो. इंग्रजीपुरते पाहिल्यास यंत्रास इतक्या रूपांशी झुंजावे लागत नाही. मराठीतही त्याची जाण वाढत आहे, तथापि मूळ शब्द त्याच्या साध्या रूपात शीर्षकात व पहिल्या परिच्छेदात एकदा तरी यावा हे इष्ट. शिवाय मराठी शब्द रोमन लिपीत, वाटेल त्या वर्णलेखनाने टंकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. महाराष्ट्राबाहेरच्या ग्राहकासाठी इंग्रजी व हिंदी पाने स्वतंत्र असावीत. मराठी पानाखाली यंत्राने केलेले भाषांतर जोडून भागत नाही.

एकच शब्द शंभरदा लिहावा, असा याचा अर्थ नव्हे. पूर्वी तसे होत असे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्दांच्या रांगा दडविणे ही तर एकेकाळची आवडती क्लृप्ती! पानाच्या मागे दडविलेल्या ‘कळशब्दां’च्या यादीस आपण क्रमवारीत मुळीच मोल देत नाही, असे गुगलने सप्टेंबर २००९ मध्ये स्पष्ट केले. तरीही अशा याद्या भरून देण्याचे पैसे घेणारे आजही भेटतात.

मग लिहावे काय? दुकानात उभे राहून गिऱ्हाईक जे विचारते त्याची उत्तरे. कातडे कोणते? ते बाभळीची साल व हिरडा वापरून कमावले आहे का? खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने शिवण घातली आहे का? नवी चप्पल पायास लागते, तर काय करावे? पायाचे माप कागदावर कसे काढून पाठवावे? पावसात चालते का? पारंपरिक कारागीर याची उत्तरे झोपेतही देईल, पण लेखी उत्तरे फार थोड्या ठिकाणी आढळतात. घाऊक विक्रेत्यापाशी मोठे भांडवल असते, जाहिरात असते. हे ज्ञान मात्र नसते. लहान कारागिरास मोठ्यांच्या पुढे उभे राहण्याची संधी आहे ती येथे. ऑगस्ट २०२४ पासून गुगलने भारतात काही प्रश्नांस कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर यादीच्याही वर दाखविण्यास आरंभ केला. ते उत्तर जुळविण्यासही कोणीतरी लिहिलेला मजकूरच लागतो.

ओळखदार आणि प्रतिष्ठा

एकाच विषयावर हजारो पाने असताना कोणते आधी दाखवावे? १९९८ साली लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी यावर मांडलेला विचार बँक-व्यवहाराशी परिचित असलेल्यांस लगेच उमगेल. केवायसीचे आजचे नियम रूढ होण्यापूर्वी खाते उघडण्यास जुन्या खातेदाराची ओळख लागत असे, आणि ओळखदाराची पत जितकी अधिक तितकी त्याच्या सहीस किंमत. पेज व ब्रिन यांनी एका पानाने दुसऱ्यास दिलेला दुवा ही अशीच ओळख मानली व ओळख देणाऱ्याच्या पतीनुसार तिचे वजन ठरविले. आज क्रमवारीत इतर असंख्य गोष्टी मिसळल्या आहेत, तरी ओळखदाराचे महत्त्व टिकून आहे.

ओळखी विकत घेण्याचा धंदाही अर्थातच उभा राहिला. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल करून विकतच्या दुव्यांवर वरवंटा फिरविला. ‘आठवड्यात पहिला क्रमांक, हमखास’ असे सांगणारा दूरध्वनी आला, तर सहा महिन्यांत पैसे दुप्पट करणाऱ्या योजनेविषयी जी सावधगिरी बाळगावी तीच येथे बाळगावी. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच सांगते. खऱ्या ओळखी सावकाश जमतात: व्यवसाय-संघटनेच्या यादीत नोंद, कार्यशाळेस भेट देऊन गेलेल्या वार्ताहराचा लेख, डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प. नकाशावरील व्यवसाय-नोंद विनामूल्य करता येते. तीवरील नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक संकेतस्थळावरील मजकुराशी तंतोतंत जुळावा. केलेल्या कामाचा परिणाम दिसण्यास काही आठवडे, कधी काही महिने जातात.

संकेतस्थळ भ्रमणध्वनीवर चटकन उघडणे हे आता ऐच्छिक राहिलेले नाही. पानाची भ्रमणध्वनीवरील आवृत्तीच सूचीसाठी प्रमाण धरण्याचे धोरण गुगलने २०१६ मध्ये जाहीर केले आणि २०२३ मध्ये पूर्णत्वास नेले. सरकत्या छायाचित्रांचा थाट येथे महागात पडतो.

पाटी कोणाच्या नावावर?

बँकेच्या काउंटरवर जी गाऱ्हाणी ऐकू येतात त्यांत शोधयंत्रावर सापडलेल्या बनावट ‘ग्राहक सेवा’ क्रमांकाचे गाऱ्हाणे आता नवे नाही. अस्सल स्थळ सहज सापडत नसेल तेथे नकली स्थळास जागा मिळते. बँकांचे पत्ते ओळखू यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ या राखीव पत्त्याची घोषणा केली व ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी तेथे स्थलांतर करावे असे ठरविले. हे पत्ते केवळ हैदराबाद येथील आयडीआरबीटी या संस्थेमार्फत आणि केवळ बँकांनाच मिळतात.

लहान व्यावसायिकास असे कवच नाही. त्याचा पत्ता त्यानेच जपावयाचा असतो, आणि येथील निष्काळजीपणा थक्क करणारा आहे. संकेतस्थळ बनविणारा पत्त्याची नोंदणी अनेकदा स्वतःच्याच नावे व स्वतःच्याच ई-मेलवर करतो. मालक वर्षानुवर्षे पैसे भरतो. पुढे उभयतांत बिनसले किंवा तो गृहस्थ गाव सोडून गेला, की दुकानाचा भाडेकरारच दुसऱ्याच्या खिशात असल्याचे ध्यानी येते. मुदतीत नूतनीकरण न झाल्यास पत्ता मोकळा होतो व कोणीही तो घेऊ शकतो. मग माहितीपत्रकांवर, पिशव्यांवर छापलेल्या त्याच पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकल्याची उदाहरणे घडतात. नोंदणी मालकाच्या नावे, त्याच्या चालू असलेल्या ई-मेल व भ्रमणध्वनी क्रमांकावर आहे ना, हे आजच तपासावे आणि नूतनीकरणाची तारीख विम्याच्या हप्त्याशेजारी लिहून ठेवावी. ‘डॉट इन’ची नोंदणी २००५ पासून सर्वांस खुली आहे, ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ हा देवनागरी पत्ताही घेता येतो. तो अवश्य घ्यावा, पण रोमन पत्त्याच्या जोडीस, कारण परदेशातील ग्राहकास देवनागरी टंकता येईलच असे नाही.

पत्त्याशेजारील सुरक्षित जोडणीविषयीही एक शब्द. ती नसलेल्या स्थळास ‘असुरक्षित’ असा शिक्का गुगलचा क्रोम ब्राउझर जुलै २०१८ पासून मारू लागला, आणि तो पाहून खरेदी करणारा मागे फिरतो. जोडणीचे प्रमाणपत्र आता विनामूल्यही मिळते. मात्र सुरक्षित जोडणी म्हणजे विक्रेत्याच्या प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे. भामटेही ते प्रमाणपत्र घेतात.

एवढे झाल्यावर कार्यशाळेच्या मालकाने गुगलचे ‘सर्च कन्सोल’ हे विनामूल्य साधन महिन्यातून एकदा उघडून पाहावे. कोणत्या शब्दांच्या शोधात आपले पान दिसले व त्यांपैकी किती जणांनी ते उघडले, याचा तपशील तेथे मिळतो. हिशेबाच्या वहीइतकाच तो वाचनीय असतो. ‘कोल्हापुरी चप्पल पावसात’ या शोधात आपले पान चारशेदा दिसले आणि एकदाही उघडले गेले नाही असे आढळले, तर त्या प्रश्नाचे सरळ उत्तर आपल्या पानावर नाही, हे मालकाने ओळखावे. उत्तर त्याच्यापाशी आहेच: चप्पल भिजू देऊ नये, भिजलीच तर उन्हात किंवा आचेजवळ न ठेवता सावलीत वाळवावी, नंतर हलका तेलाचा हात द्यावा. सात-आठ ओळींचे ते पान मराठीत, हिंदीत व इंग्रजीत लिहून, खाली आपल्या हाताने तेल लावतानाचे एक छायाचित्र जोडून, मृग नक्षत्र लागण्याच्या दोन-तीन महिने आधी, म्हणजे होळीच्या सुमारासच, संकेतस्थळावर चढविलेले बरे.